बारापात्रे आणि फुटलेले मोदक

त्या दिवशी सकाळी मी एक बातमी पुढे पाठवली. आयुष्यातल्या बहुतेक चुका मी विचार न करता केल्या आहेत. ही मात्र चष्मा लावून, दोनदा वाचून, चांगला विचार करून केली.

तिसऱ्या लाटेतला जानेवारी होता. चंदीगडच्या धुक्यात समोरचा पार्क दिसत नव्हता. सेक्टर सतरातलं आमचं ऑफिस निम्म्या माणसांवर चाललं होतं आणि त्या निम्म्यांत मी नव्हतो. माझ्यावाचून काही अडत नाही ही गोष्ट सरकारने पहिल्यांदाच लेखी कळवली होती. अशा वेळी माणूस मोबाईल बघतो. त्यात ती बातमी होती: कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूमध्ये असलेल्या कोरोनाच्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते.

मी ती न्याहारीच्या टेबलावर मोठ्याने वाचली. मग 'ट्रायसिटी मराठी परिवार' या चंदीगड आणि आसपासच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं. 'मग लस घेऊन उपयोग काय? ज्याने त्याने विचार करावा.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

विचार सगळ्यात आधी माझ्या आईने केला. आईला सगळे माई म्हणतात. वय शहात्तर, साखर आहे, थंडीत दमा उठतो. तिचा तिसरा डोस गुरुवारी होता. सेक्टरच्या डिस्पेन्सरीत नाव घातलेलं होतं. तिने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मग मी काही गुरुवारी जायची नाही," ती म्हणाली.

"अगं माई, तसं नाही..."

"तूच वाचलंस ना आत्ता? घेतलेलेच जास्त आहेत तिथे. मग कशाला टोचून घ्यायचं?"

मी बायकोकडे बघितलं. स्मिताने माझ्याकडे बघितलं नाही. तिला तो गुरुवार मिळवायला चार दिवस लागले होते. दमेकरी सासूला घेऊन पहिल्या दोन लाटा तिनेच काढल्या होत्या; मी फक्त ऑक्सिमीटर आणला होता, आणि त्यात सेल घालायचे राहिले होते.

एवढ्यात फाटकाची कडी वाजली. माझा मेसेज जाऊन सात मिनिटं झाली होती. कॉलेजचा ऑनलाइन क्लास अर्धवट सोडून आमच्या सईने खिडकीतून डोकावलं आणि आत येऊन सांगितलं, "पापा, डिनॉमिनेटर अंकल आए हैं." अपूर्णांकाच्या छेदावरून पडलेलं हे नाव.

फाटकाबाहेर माकडटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर मास्क आणि या सगळ्याच्या मधून दोन डोळे उभे होते. डोळे म्हणाले, "सुर्वे साहेब, कितीपैकी?"

वामनराव बारापात्रे यांची ओळख असं म्हटलं तर या एका शब्दात संपते.

ते मूळचे नागपूरचे. चोविसाव्या वर्षी चंदीगडजवळच्या डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात लागले आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. काम एकच: भरून आलेल्या बाटल्यांतल्या फुटक्या, कलत्या लेबलाच्या, अर्धवट भरलेल्या बाटल्या वेगळ्या काढणं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी साहेबाला जाऊन सांगितलं, "आज बारा फुटल्या." साहेबाने विचारलं, "कितने में से?" बारापात्र्यांनी ते मोजलं नव्हतं. साहेबाने बाकी काही न बोलता त्यांना परत पाठवलं. तो प्रश्न त्यांनी जो उचलला तो पुन्हा खाली ठेवलाच नाही.

भाजीच्या हातगाडीवरचा रेहडीवाला म्हणतो, "बाबूजी, दो ही टमाटर खराब निकले." बारापात्रे पिशवी धरून उभे. "कितने में से?" आमच्या मंडळाचे अध्यक्ष अकरा मतांनी निवडून आले म्हणून पेढे वाटत होते. बारापात्र्यांनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कितीपैकी?" पेढा खाल्ला ते उत्तर मिळाल्यावर. पिंजौरचे लिमये सांगत होते की मुलाला तीन मुली सांगून आल्या, त्यांनाही तेच. लिमये आठ महिने बोलत नव्हते.

स्वतः बारापात्र्यांचं लग्न झालेलं नाही. यामागची गोष्ट अशी सांगतात की एका घरून निरोप आला, 'मुलगा आम्हाला पसंत आहे,' आणि यांनी उलट निरोप पाठवला, 'कितीपैकी?' ही गोष्ट खरी की खोटी मला माहीत नाही. ती मीच सांगत आलो आहे, पण मला कुणी सांगितली ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर ते आमच्या सेक्टरात आले. पार्कपलीकडच्या सरदारजींच्या गच्चीवर एक बरसाती आहे, म्हणजे गच्चीतली एकटी खोली, तिथे राहतात. आणि दुसऱ्या लाटेपासून त्यांनी एक नवं काम अंगावर घेतलं होतं. सकाळी सात चाळीसला आमच्या घरचा फोन वाजायचा.

"बारापात्रे बोलतोय. ताप?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"चौघंही?"

"चौघंही."

"ठेवतो."

सईने एकदा घड्याळ लावून बघितलं, अकरा सेकंद. पिंजौरपासून डेराबस्सीपर्यंत मंडळाची अडतीस घरं, आणि हे रोज अडतीस फोन. एकदा मी चिडून विचारलं, "बारापात्रे, आम्ही ठणठणीत आहोत. आजारी असतील त्यांना करा ना फोन."

"त्यांना सगळेच करून राहिले, साहेब. बऱ्या माणसाला कोण करतं? उद्या कोणी म्हणेल, मराठी लोकांत चार जण पडले. चार कितीपैकी, हे नको माहीत असायला?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा फोन सईला घ्यायला लावू लागलो.

तर त्या दिवशी फाटकाबाहेर हे डोळे उभे होते. मी म्हटलं, "बातमीत दिलंय, निम्म्याहून जास्त."

"ते आयसीयूतल्यांपैकी. बाहेरचे किती? या गावात लस घेतलेले किती अन् न घेतलेले किती? घेतलेल्यांचा ढीग डोंगराएवढा, न घेतलेल्यांचा मुठीएवढा. डोंगरातून चार पडले अन् मुठीतून तीन पडले, तर तुम्ही म्हणता डोंगर वाईट. हे काय लिहून राहिले बाप्पा तुम्ही?"

"मी नाही लिहिलं, मी पुढे पाठवलं."

"खालचं वाक्य कोणाचं?"

मी मोबाईल खिशात घातला. मागून स्मिता आली आणि म्हणाली, "काका, यांना राहू द्या. यांचं काही नाही. माई गुरुवारी जात नाही म्हणतात. त्यांना सांगा."

बारापात्र्यांचा आवाज एकदम खाली आला. "माई? दमा आहे नं त्यांना?"

"हो."

"मग सांगतो."

दुपारी थोडं ऊन पडलं तेव्हा माई शाल घेऊन अंगणात खुर्चीवर बसली. बारापात्रे फाटकापाशीच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. फाटक ते खुर्ची दोन मीटर भरतं हे त्यांनी पूर्वीच छत्रीने मोजून ठेवलेलं होतं. फाटकाच्या खांबावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि खिशातून शेंगदाणे काढले. भाजलेले म्हणजे लस घेतलेले, कच्चे म्हणजे न घेतलेले. दहा मिनिटं ते दाणे इकडून तिकडे सरकवत होते.

माईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, दाणे कुठून आणलेत? लांबूनसुद्धा खवट वास येतोय."

बारापात्र्यांनी दाणे गोळा केले. मला वाटलं, संपलं. गुरुवार गेला. पण ते गेले नाहीत. तसेच खांबाला धरून उभे राहिले, आणि मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी डायरी काढली.

इथे मला माझ्याच आणखी एका पराक्रमाबद्दल सांगितलं पाहिजे. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात, दोन लाटांच्या मधे, मंडळाने गणपती बसवला होता. मास्क लावून, खुर्च्या लांब लांब ठेवून. नैवेद्याला उकडीचे मोदक हवेत असं ठरलं. माई चिपळूणची. ती पदर खोचून पुढे झाली. मदतीला मोहालीच्या कंपनीतली केतकी नावाची मुलगी आली, तिची ही पहिलीच वेळ. मोदकपात्र उघडलं तेव्हा काही मोदक फुटून सारण बाहेर आलेलं. वाढायला मी होतो. फुटके मोदक बाजूच्या ताटात काढता काढता मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "काय माई, फुटलेले निम्म्याहून जास्त तुझेच की." लोक हसले. माई हसली नाही. घरी येताना गाडीतही बोलली नाही, आणि माघी गणपतीला मोदकपात्र काढणार नाही असं तिने दिवाळीतच जाहीर करून टाकलं. गेले चार महिने घरात मोदक हा शब्द कुणी काढत नव्हतं.

बारापात्र्यांनी तो काढला.

"माई, गणपतीतले मोदक आठवतात?"

माईचा चेहरा पडला. स्मिताने माझ्या कोपराला चिमटा काढला, जणू हा प्रश्न मीच विचारला होता.

"फुटले अकरा," बारापात्रे डायरीतून वाचत होते. "त्यातले सहा तुमचे, पाच केतकीचे. हे सगळ्यांनी मोजलं. मी दुसरं मोजलं. एकूण शंभर होते. तुम्ही केले चौऱ्याऐंशी. केतकीने सोळा."

माईने मान वर केली.

"चौऱ्याऐंशीत सहा. सोळात पाच. आता सांगा, मोदक कोणाला येतात?"

"तेच तर," माई म्हणाली. "मी एकटी बसले होते परातीपुढे. ती पोर कळ्या काढतानाच अडखळत होती. पण हा..." तिने माझ्याकडे बोट केलं.

"ऐका. शंभरच्या शंभर केतकीवर सोपवले असते तर?"

माईने ओठ हलवत हिशेब केला. कोकणी बाईला मोदकांचा हिशेब शिकवावा लागत नाही. "तीस तरी फुटले असते."

"बरोबर. अन् अजून एक लिहून ठेवलंय मी. चक्कीवरून ती जाडी पिठी आली होती, ती कोणाकडे गेली?"

"माझ्याकडे. चांगली पिठी मीच दिली तिला. म्हटलं, नवीन आहे."

"म्हणजे तुमचा हात चांगला, पण पीठ वाईट. तरी फुटले सहाच. लशीचं तेच आहे, माई. पहिली कोणाला दिली? म्हाताऱ्यांना, साखरवाल्यांना, दमेवाल्यांना. जाडी पिठी सगळी तिकडे. अन् आता बहुतेकांनी घेतलेली, म्हणजे मोदकही जास्त त्यांचेच. मग फुटलेल्यांत ते दिसणारच. लस घेतली की कोणी फुटतच नाही, असं मी म्हणत नाही. फुटतात. पण केतकीच्या हाती देऊ का तुम्हाला?"

माईने शाल नीट ओढून घेतली. धुण्याच्या दोरीवर एक साळुंकी बसली आणि उडून गेली.

"चौऱ्याऐंशी," माई म्हणाली. "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, भाऊ?"

"कोणी विचारलं नाही."

"गुरुवारी किती वाजता जायचंय गं स्मिता?"

गुरुवारी माईने डोस घेतला. डिस्पेन्सरीतल्या नर्सला तिने केतकीचं नाव न घेता सगळी हकीकत सांगितली. नर्स पंजाबी होती, तिला मोदक समजला नाही. माईने तिला सांगितलं की ज्यादा बनानेवाले का ज्यादा फूटता है. नर्स म्हणाली, "सही बात है, माताजी," आणि सुई टोचली. ग्रुपवर मी माझा मेसेज काढून टाकला. तोवर तो कुठे कुठे गेला होता ते मी मोजलं नाही.

शुक्रवारी माईला थोडा ताप आला. येईल असं सांगितलेलंच होतं. सात चाळीसला फोन आला तेव्हा तिने तो सईच्या हातातून घेतला. "आहे ताप. शंभरच्या खाली. अंग दुखतंय." यावेळी अकरा सेकंद पुरले नाहीत. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण माई म्हणत होती, "हो, पाणी पितेय. हो. बरं, उद्या सांगते."

शनिवारी सकाळी फोन आला नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. साडेआठपर्यंत झोपता आलं. स्मिता सुट्टीच्या कामांत होती, सई कानात काहीतरी घालून बसली होती. बारा वाजता माई बाहेरच्या खोलीत आली. अंघोळ झालेली, वेणी घातलेली.

"दिनू, फोन नादुरुस्त आहे का रे?"

"नाही. का?"

"माझा ताप उतरला. सकाळपासून सांगायला बसलेय. भाऊंचा फोनच नाही."

मी त्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग मी आणि स्मिता पार्क ओलांडून गेलो. खाली सरदारजी मोटार पुसत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "उप्पर ही होंगे जी. कहाँ जाएँगे." जिना चढून वर गेलो. बरसातीचं दार उघडंच होतं. गच्चीवर उन्हात एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर एक जाड वही.

"लांब," आतून घोगरा आवाज आला. "तिथेच थांबा."

बारापात्रे खाटेवर पाठ टेकून बसले होते. टोपी होती, मफलर होता. घसा पार बसलेला. टेस्ट आदल्या दिवशीच करून आले होते, निकाल सकाळी पॉझिटिव्ह आला होता.

"फोन नाही जमला," ते म्हणाले. "आवाज निघत नाही." मग थोडं थांबून, "साहेब, तुमच्या बातमीत आलो मी. लस घेतलेला आजारी."

"ऑक्सिजन किती?" स्मिताने विचारलं.

"सत्त्याण्णव. दर दोन तासांनी बघतोय."

"जेवलात?"

त्यांनी मान अशी हलवली की हो पण नाही आणि नाही पण नाही. स्मिताने मला खाली पिटाळलं, आमच्या घरून मऊ भात आणि सार आणायला. मी परत आलो तेव्हा ती गच्चीवर उभी राहून ती वही चाळत होती. मीही डोकावलो. डाव्या हाताला अडतीस घरांची नावं, सुबक अक्षरात. पुढे रोजचा एक रकाना आणि प्रत्येक घरासमोर एक टिंब. दुसऱ्या लाटेपासूनची टिंबं, पानंच्या पानं. टिंब म्हणजे सगळे बरे. मधेच कुठे एखादं छोटं वर्तुळ, म्हणजे कोणीतरी आजारी. आमच्या ओळीत शेवटी शुक्रवारचं वर्तुळ होतं आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'माई, डोसचा. उद्या उतरेल.' शनिवारचा रकाना सगळा कोरा होता.

स्मिताने पुन्हा पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं.

"काका, यात तुमचं नाव कुठाय?"

"माझं?" आतून आवाज आला. "मोजणारा खोक्यात नसतो नं, सूनबाई."

 वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. स्मिताने ३८ च्या खाली ३९ लिहिलं, पुढे 'बारापात्रे काका', आणि त्या दिवसाच्या रकान्यात एक वर्तुळ काढलं. डबा दाराशी ठेवला, वही काखेत मारली आणि म्हणाली, "ही मी घेऊन जातेय. बरे झालात की देते."

त्यांनी हात वर केला. नको म्हणण्यासाठी की ठीक आहे म्हणण्यासाठी, ते मफलरामुळे कळलं नाही.

रविवारी सकाळी सात चाळीसला फोनपाशी माई बसली होती. मांडीवर वही, नाकावर माझा चष्मा. तिने शेवटून सुरुवात केली, एकोणचाळीस नंबरपासून.

"भाऊ, माई बोलतेय. बोलू नका. ताप असेल तर एकदा टकटक करा, नसेल तर दोनदा."

आम्ही तिघंही ऐकत उभे होतो. पलीकडे फोनवर नख वाजलं. एकदा. मग बऱ्याच वेळाने, जरा हलकेच, आणखी एकदा.

"ही दोन समजू की एक आणि एक?" माईने विचारलं. पलीकडून खोकण्यासारखं काहीतरी आलं. हसणं असावं. "बरं. ठेवते."

तिने टिंब काढलं नाही, वर्तुळच काढलं, पण आधीच्यापेक्षा लहान. मग ती अडतिसावर गेली, सदतिसावर गेली. तिला अकरा सेकंद जमत नव्हते. पिंजौरच्या लिमयांकडे पोचेपर्यंत साडेनऊ झाले होते आणि तिकडे तिने काढ्यात ज्येष्ठमध किती घालायचा तेही सांगितलं. दर घरी पहिला प्रश्न ताप आणि शेवटचं वाक्य एकच: "काल फोन आला नव्हता, लक्षात आलं का तुमच्या?"

मी चहा घेऊन बसलो होतो. एकंदरीत आपल्या घराने काही वाईट केलं नाही असं मला वाटू लागलं होतं. मी स्मिताला म्हणालो, "काही म्हण, शेवटी लक्षात आलं ते आपल्याच घराच्या."

ती वहीतल्या शनिवारच्या जवळजवळ कोऱ्या रकान्याकडे बघत होती.

"अडतीस घरांपैकी एका घराच्या," ती म्हणाली. "आणि त्या घरातही चौघांपैकी एकीच्याच."